अक्कानं मागितलेली तारीख

आमच्या कोकिळाअक्काला राजकारणातला कुठलाही प्रश्न दोन मिनिटांच्या वर अवघड वाटला नाही. कापसाचा भाव का पडला, यावर पुनाआबा पारावर बसून तासभर बोलायचा. बाहेरच्या देशातून येणाऱ्या गाठी, त्यांच्यावरचं शुल्क, सुताच्या गिरण्या, डॉलर. ऐकणारे माना डोलवायचे, कळायचं कुणालाच नाही, आणि म्हणूनच पुनाआबाला गावात मान होता. अक्का डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिथून जायची, घटकाभर थांबायची, अर्धं ऐकायची आणि म्हणायची, "म्हंजे त्यासले आपला कापूस नको शे. इतलंच ना?" एवढं बोलून ती भारा सावरत पुढं निघायची. मागं पुनाआबाचं तोंड बघण्यासारखं झालेलं असायचं.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची, दीपकची, आत्या. गाव तिला अक्काच म्हणतं. नाव कोकिळा असलं तरी आवाज म्हशी हाकायचा. धरणगावपासून सहा-सात किलोमीटरवरचं आमचं गाव हे तिचं माहेर, आणि गेली चाळीस वर्षं ती इथंच आहे. अठराव्या वर्षी लग्न होऊन पारोळ्याच्या बाजूला गेली आणि दीड वर्षात परत आली. का, असं विचारलं की म्हणायची, "तठे मनासंगे कोनी बोले नही, म्हनीसन उनू." मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, यामागं मोठी गोष्ट असणार, कधीतरी सांगेल. दहा वर्षं झाली, अजून हेच एक वाक्य आहे, तिथं कुणी बोलत नव्हतं म्हणून आले.

ती परत आल्यावर काही वर्षांनी तिची भावजय वारली आणि तीन वर्षांचा दीपक तिच्या पदरात पडला. तिनं त्याला वाढवला. शाळेत घातला, आयटीआयला धाडला, ॲपे रिक्षा घेऊन दिली, माझ्यासारखी बी.ए. झालेली बायको शोधून आणली. त्याची दारू तेवढी तिला सोडवता आली नाही.

निवडणूक आली की आमच्या ओट्यावर बायका जमायच्या. मत कुणाला द्यायचं, हे त्या विचारत नसत. ते घरातून ठरून आलेलं असे, किंवा त्यांनी मनात ठरवलेलं असे आणि घरी सांगितलेलं नसे. त्या विचारायच्या, हे सगळे भांडतात ते नेमकं कशावरून? अक्का एका वाक्यात सांगायची. पाण्याची योजना अडली, म्हणजे पाइप एकाचा, विहीर दुसऱ्याची आणि दोघांत बोलणं नाही. रस्ता झाला नाही, म्हणजे ठेकेदार आणि मेंबर व्याही आहेत. बायका हसत उठायच्या. पुनाआबाकडून माणूस उठायचा तो आपण अडाणी आहोत हे पटवून घेऊन, आणि अक्काकडून उठायचा तो आपल्यालाही डोकं आहे असं वाटून. हा फरक काही लहान नाही, मी दोन्हीकडं बसलेली आहे.

मी शिरपूरला राहून राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं. त्याचा एवढाच उपयोग झाला की मला सगळंच अवघड वाटायला लागलं आणि मी तोंड उघडेनाशी झाले. अक्काचं वाक्य चूक नसायचं, पण ते पुरं नसायचं, हे मला दिसायचं. पण पुरं सांगायला गेलं तर पुनाआबा व्हायची भीती. म्हणून मी चहा ठेवायला आत जायची.

आणखी एक गोष्ट मी बघितली आहे. दुसऱ्याच्या घरचा प्रश्न कुणालाही सोपा वाटतो. कांदा बाहेर पाठवणं बंद केलं, त्यात काय? धरण बांधलं, त्यात काय? मात्र तोच प्रश्न आपल्या चुलीपाशी येऊन बसला की त्याला शंभर फाटे दिसू लागतात. अक्काचं मात्र तसं नव्हतं. तिला आपल्या चुलीपाशी आलेला प्रश्नही सोपाच वाटला. तिथंच सगळं बिघडलं.

देशी दारूचं दुकान आमच्या एसटीच्या थांब्यावर आहे. शाळेला तोच रस्ता, गिरणीला तोच, दीपकच्या रिक्षाचा नंबर लागतो तोही तिथंच. सकाळी तो चांगला असतो. ऋतिकाची, म्हणजे आमच्या मुलीची वेणीसुद्धा घालून देतो. पहिली खेप धरणगावला, दुसरी खेप धरणगावला, मग दुपारी नंबरात उभं राहायचं, आणि समोर दुकान. संध्याकाळी घरी येतो त्याला दीपक म्हणायचं म्हणून म्हणायचं. मारझोड नाही. नुसता बसतो, रडतो, मग ओट्यावरच आडवा होतो. सासूच्या जागी असलेली अक्का त्याचे बूट काढते आणि मी बघत राहते.

मागच्या दिवाळीनंतर अक्काला कुठून तरी कळलं की गावातल्या बायकांनी मतदान केलं तर दुकान बंद होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद हवं असेल तर आडवीवर शिक्का. झालं! अक्काला इतकं तिच्या मनासारखं सरकारी काम जन्मात भेटलं नव्हतं. "दुकान बंद व्हयनं म्हंजे दीपक सुटना," ती म्हणाली. गावाच्या भल्याची भाषणं तिनं पुढं केली, मीच लिहून दिली होती. पण तिला गाव सुधारायचं नव्हतं, तिला दीपक हवा होता. हे मला माहीत होतं आणि दीपकलाही.

मी म्हणाले, "अक्का, हाई इतलं सोपं नही शे."

"तुले काय सोपं वाटस? चहा तरी?"

मी चहाच ठेवला. मग कामाला लागले, कारण अर्ज लिहिणारी घरात मी एकटीच. एक चतुर्थांश बायकांच्या सह्या हव्या होत्या, त्या दोन महिन्यांत गोळा केल्या. मी यादी धरायची, अक्का दार वाजवायची. दारूबंदी खात्याची माणसं शाळेत येऊन सह्या तपासून गेली. नियमाचा कागद मी तीनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली पाहिजेत. आलेल्या बायकांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त. आमच्या यादीत आठशे बारा बायका. म्हणजे चारशे सात मतं. जी घरी बसली ती उभ्या बाटलीला मत देऊन आली असंच धरायचं.

हे मी अक्काला नीट सांगितलं. तिला कळलंही. पण म्हणाली, "अर्ध्याना हिशोब बायासले सांगू नको. त्या घाबरतीन. आडवी पाडा, इतलंच सांग." मी तेवढंच सांगितलं. सांगायला सोपं होतं.

तारीख ठरवायला आम्ही सातजणी जळगावला गेलो. मी खाली झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी होते तेव्हा वर साहेबांनी विचारलं म्हणे, "बाई, तुम्हाला कोणता दिवस सोयीचा? गावात जास्तीत जास्त महिला हजर असतील असा दिवस सांगा." साहेब साताऱ्याकडचे. अक्कानं क्षणाचाही विचार केला नाही.

"आखाजीले ठेवा साहेब. आखाजीले आमना गावमा बाया मावतस नही."

साहेबांनी कॅलेंडर पाहिलं. आखाजी सोमवारी, सुट्टी. आदल्या दिवशी रविवार, शाळा मोकळी. त्यांनी रविवार लिहून टाकला. मी झेरॉक्स घेऊन वर पोचले तेव्हा सगळ्या जणी हसत जिना उतरत होत्या. मीही हसले. मलाही तेव्हा काही सुचलं नाही, हे मी देवाशपथ सांगते.

आता आखाजीचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात ती दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या पोरी आखाजीला माहेरी येतात. झाडाझाडाला झोके बांधले जातात, गौराई बसते, आंब्याचा रस, खापरावरची पुरणाची पोळी. वर्षभर सासूच्या नजरेखाली वावरलेली बाई ते चार-आठ दिवस डोक्यावर पदर घेत नाही. अक्का चाळीस वर्षं माहेरीच राहिलेली. तिच्या डोळ्यांना आखाजी म्हणजे गावात शिरणाऱ्या पोरी. प्रत्येक गल्लीत हसणं, ओट्याओट्यावर बायका. म्हणून ती म्हणाली, गावात बाया मावत नाहीत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्या पोरी जिथून येतात तिथल्या कुणाच्या तरी सुना असतात, आणि आमच्या गावच्या सुनाही त्याच दिवशी कुणाच्या तरी पोरी असतात. गाव भरतं आणि रिकामंही होतं. जी येते तिचं नाव सासरच्या यादीत. जी जाते तिचं नाव आमच्या यादीत.

हे मला मंगळवारी कळलं, मतदानाच्या पाच दिवस आधी. माझा भाऊ हेमराज नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, माझं माहेर तिथून जवळच. त्याचा फोन आला. "ताई, शनिवारे येस तुले लेवाले. माय वाट देखी ऱ्हायनी." मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि समोर मतदार यादी पडलेली होती. पानावर नावं, नावापुढं पतीचे नाव, पतीचे नाव, पतीचे नाव. सगळ्या माझ्यासारख्याच निघालेल्या.

तारखेच्या नोटिसा ग्रामपंचायतीवर, शाळेवर, दुकानावरसुद्धा लागल्या होत्या. आता तारीख बदलणार नव्हती. राहिला एकच इलाज. दारोदार जाऊन प्रत्येक सुनेला सांगायचं, एक दिवस उशिरा जा, मत टाकून जा. आणि हे अक्काला सांगितलं असतं तर तिनं सगळ्यात आधी माझी पिशवी रिकामी केली असती.

मी दोन वर्षं आखाजीला गेले नव्हते. एका वर्षी दीपक रिक्षासकट नाल्यात गेला, एका वर्षी ऋतिकाला कावीळ झाली. माझ्या आईला एका डोळ्यानं दिसत नाही आणि दुसऱ्याचं काही खरं नाही. हे झालं सांगण्यासारखं कारण. न सांगण्यासारखं हे की मला चार दिवस कुणाचे बूट काढलेले बघायचे नव्हते. मी मंगळवारी बोलले नाही. बुधवारीही नाही. अक्का सकाळी सहापासून वणवण फिरत होती. आल्यागेल्या पोरींना धरून धरून आडवी बाटली दाखवत होती. त्या माना डोलवत होत्या, आणि मी मागं उभी राहून मनात म्हणत होते, अगं हिचं नाव एरंडोलला आहे. गुरुवारी रात्रीच्या भाकरी थापताना दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. पिशवी मात्र मी भरून ठेवली.

आणखी एक गोष्ट घडत होती आणि तिच्याकडं मी मुद्दाम बघत नव्हते. नोटीस लागली त्या दिवसापासून दीपक प्यायला नव्हता. रिक्षाचा नंबर सोडून तो गिरणीच्या आड उभा राहायचा, दुकान दिसणार नाही अशा ठिकाणी. नऊ दिवस. त्यालाही अक्कासारखंच वाटत होतं, रविवार आला की सुटलो.

शनिवारी सकाळी धरणगावची पॅसेंजर गाठायला दीपकची ॲपे भरली. आम्ही अकरा सुना, कडेवरची पोरं, पिशव्या, आणि माझ्या शेजारी मला न्यायला आलेला हेमराज. रिक्षा मारुतीपाशी वळली तेव्हा समोरून अक्का आली. हातात मतपत्रिकेचा नमुना. ती आधी हसली. मग तिनं रिक्षात पाहिलं, पिशव्या पाहिल्या.

"बठ्ठ्या कोठे जाई ऱ्हायन्यात?"

"आखाजी शे ना अक्का," कुंदाबाई म्हणाली. आमच्या समोरच्या घरातली ही, अर्जावर पहिली सही तिचीच. "माहेर जाई ऱ्हायनूत."

"उद्या मतदान शे!"

"गाव बठ्ठं बायासनी भरेल शे. मी एकली नही ऱ्हायनू तं काय व्हई?"

मी सोडून दहाही जणींना असंच वाटत होतं. प्रत्येकीला स्वतःची एकटीचीच गैरहजेरी दिसत होती. अक्का रिक्षाच्या दांड्याला धरून उभी राहिली. मी तिच्याकडं बघत होते. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं, कारण मंगळवारी ते माझ्याही डोक्यातून गेलं होतं. मग ती ओरडली. "ज्या उन्यात त्यासनं नाव आठे नही शे! ज्यासनं नाव शे त्या तुम्ही चालनात!"

तिनं हात जोडले. तिनं कुणापुढं हात जोडलेले मी पहिल्यांदा पाहिले. एक दिवस, फक्त एक दिवस थांबा. चारजणी उतरल्या. बाकीच्यांचे भाऊ स्टेशनवर येऊन उभे होते. न्यायला आलेल्या भावाला रिकामा परत पाठवायचा म्हणजे वर्षभर माहेरच्यांना तोंड काय दाखवायचं? अक्का शेवटी माझ्यापाशी आली. हेमराजकडं पाहिलं, त्याला "बरा शे ना भाऊ?" विचारलं आणि बाजूला झाली. दीपकनं रिक्षा सुरू केली. तो आरशातून माझ्याकडं बघत होता. मी पदर सारखा करत बसले.

पण ही आमची एक रिक्षा झाली. एसटीनं, मोटारसायकलींवर, दुसऱ्या रिक्षांतून शुक्रवारपासूनच सुना निघाल्या होत्या. अक्का शनिवारभर एसटीच्या थांब्यावर उभी होती म्हणे. दुकानदारानं तिला बसायला खुर्ची पाठवली. ती तिनं परत पाठवली.

रविवारी मी माहेरी होते. आईनं माझ्या केसांना तेल लावलं. दुपारी बारा वाजता निंबाच्या झोक्यावर ऋतिकाला घेऊन बसले होते तेव्हा दीपकचा फोन आला.

"सारिका, मोटारसायकल मिळनी. घेवाले येऊ का? पाचना आत पोचसूत."

मी म्हणाले, "एक मतनी काय व्हस?"

तो म्हणाला, "मले बंद जोयजे, सारिका. दुकान समोर दिसनं का मना पाय वळतस. मले मनावर भरोसा नही शे." त्याचा आवाज सकाळच्या दीपकचा होता. मला रडू आलं. पण आई आतून रसाची वाटी घेऊन येत होती, हातानं भिंत चाचपत, आणि मी फोनवर म्हणाले की मंगळवारी बोलू. असं म्हणाले. राज्यशास्त्रात मला एकसष्ट टक्के होते.

पुढचं मी पाहिलं नाही, पण वीस तोंडांनी ऐकलं आहे. पाचला मतदान संपलं. शाळेच्या व्हरांड्यात मोजणी झाली. आडवी तीनशे एकोणनव्वद. उभी एकवीस. बाद नऊ. बाहेर नुसता कल्ला उठला. आखाजीसाठी आलेल्या पोरींनी डफ आणलाच होता. कुणीतरी अक्काच्या गळ्यात हार घातला, कुणीतरी तिला उचललं, पुनाआबानंसुद्धा टाळ्या वाजवल्या. दीपक शाळेच्या फाटकाला टेकून उभा होता आणि लहान पोरासारखा हसत होता, असं मोजणीला हजर असलेल्या भागाबाईनं मला सांगितलं.

मग तहसीलच्या साहेबांनी माईक हातात घेतला. चारशे सात मतं आवश्यक, अठरा कमी, सबब प्रस्ताव फेटाळण्यात येत आहे, पुढील एक वर्ष पुन्हा मागणी करता येणार नाही. डफ आणखी थोडा वेळ वाजत राहिला, कारण कुणाला समजलंच नाही. मग समजलं, म्हणजे समजलं नाही हे समजलं. भागाबाई पुढं होऊन म्हणाली, "साहेब, तीनशे नव्वद मोठा का एकवीस? मन्ह्या नातूले इचारा, तोबी सांगी." साहेब नियम वाचून दाखवू लागले. अर्धं गाव म्हणालं, पैसे खाल्ले. उरलेलं अर्धं म्हणालं, राजकारण आपलं काम नाही, त्यात खोल असतं. पुनाआबा पारावर जाऊन बसला आणि म्हणाला, "मी म्हनतच व्हतू, हाई काम खोल शे." त्यानं तसं कधी म्हटलेलं नव्हतं.

सगळ्या बायकांनी अक्काकडं पाहिलं. हे काय झालं, हे ती आता एका वाक्यात सांगेल म्हणून. सांगण्यासारखं वाक्य होतं. "मी तारीख चुकनू." तेवढं बोलली असती तरी झालं असतं. पण तिला ते सुचलं नाही किंवा बोलवलं नाही. तिनं गळ्यातला हार काढला, घडी घालतात तसा हातात गोळा केला आणि घरी आली. दीपक तिच्या मागं आला नाही. त्यानं रिक्षा थांब्यावर नेऊन लावली.

मी गुरुवारी परतले. धरणगावला दीपक घ्यायला आला होता. दुपारचे साडेबारा, आणि वास येत होता. त्यानं ऋतिकाला उचललं, माझी पिशवी घेतली, आई कशी आहे ते विचारलं. रविवारच्या फोनबद्दल तो बोलला नाही, अजूनही बोललेला नाही.

घरी अक्का नव्हती. ती मतदार यादी घेऊन फिरत होती. चौथी शिकलेली बाई, एकेक नाव बोट ठेवून वाचायची आणि त्या त्या घरी जायची. तुझं माहेर कुठलं? कधी जातेस? न्यायला कोण येतं? सासू सोडते की सासऱ्याला विचारावं लागतं? रविवारी का आली नाहीस, शेतात होतीस, की घरून जाऊ दिलं नाही, की वाटलं नाही? पुढच्या वर्षी तुला धरू का? आणि उत्तर ऐकून समासात लिहायची. सुरतेला गेलेल्या बावीस, वारलेल्या चौदा, माहेरी गेलेल्या त्रेसष्ट. घरात असून न आलेल्या दोनशे नव्वदच्या पुढं. हा आकडा ऐकून मी हबकले. आम्ही त्रेसष्टच नव्हतो तर! पण त्यानं मला काही बरं वाटलं नाही. अठरा हव्या होत्या. आम्ही त्रेसष्टमधल्या अठरा थांबलो असतो तरी चाललं असतं.

बायका तिला कंटाळू लागल्या. जी एका वाक्यात मोकळं करायची ती आता वीस प्रश्न घेऊन दारात उभी राहते, हे कुणाला आवडणार? पुनाआबा म्हणाला, कोकिळा आता माझ्या शाळेत आली. मला तेही पटत नाही. पुनाआबाला प्रश्न अवघड असलेला आवडतो. अक्काला तो तसा आवडत नव्हता, पण ती प्रत्येक दारात उभी राहत होती.

आठवड्यानं ती आमच्या पानावर आली. सकाळची वेळ, ओट्यावर यादी उघडून बसलेली, दीपक खाली रिक्षा पुसत होता. मी चहा घेऊन बाहेर आले.

"तुले ठाऊक व्हतं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"हा."

"कवयपासून?"

"मंगळवारपासून."

"मंग सांगं का नही?"

दीपकचा फडका थांबला. मी म्हणाले, "सांगतू तं मले जाता उनं नसतं, अक्का."

मला वाटलं आता ती बोलेल. म्हशी हाकायच्या आवाजात बोलेल, सगळी गल्ली गोळा होईल, आणि माझं मन मोकळं होईल. पण माझ्या नावावर बोट ठेवून तिनं ते वाचलं, सारिका दीपक, मोठ्यानं. समासात माझं माहेर लिहिलं, हेमराजचं नाव लिहिलं.

"पुढला खेपले मले धर," मी म्हणाले. "मी ऱ्हासू. आखाजी असो नहीतं काहीबी असो."

अक्कानं प्रथमच माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मग तिनं खाली रिक्षापाशी उभ्या असलेल्या दीपककडं पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"तुनं मंग देखसू," ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं.